उजेड कुणाच्या हाती? : प्रकाशयोजनेच्या शिक्षणाविषयी

नाटकात काय दिसावे हे नाटककार लिहितो, दिग्दर्शक ते बसवतो आणि नट करून दाखवतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु प्रेक्षकाला प्रत्यक्षात काय दिसते हे शेवटी दिवा ठरवतो. ज्याच्यावर उजेड नाही तो रंगमंचावर उभा असूनही प्रेक्षकांच्या लेखी नसतो; ज्याच्यावर उजेड आहे त्याचे नुसते उभे राहणेही प्रसंग होऊन बसते. कोण दिसेल, किती दिसेल, कोणत्या बाजूने दिसेल आणि कोणत्या क्षणी दिसेनासा होईल, या निर्णयांच्या शास्त्राला प्रकाशयोजना म्हणतात. गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्या समाजाला या शास्त्राचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गावाची सारी कामे करूनही गावाच्या नजरेला न दिसणे म्हणजे काय, हे त्याने भोगलेले आहे.

असे असूनही दलित रंगभूमीच्या आपल्या चर्चेत संहिता, आशय, भाषा आणि बांधिलकी यांवर जेवढे बोलले गेले, तेवढे तंत्रावर बोलले गेले नाही. तंत्र हे पोटभरल्या रंगभूमीचे चोचले आहेत, आपल्याला सांगायचे आहे ते उघड्या बल्बखालीही सांगता येते, अशी एक भावना त्यामागे असावी. तिच्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे. आपण तंत्राकडे पाठ फिरवली म्हणून तंत्र तटस्थ होत नाही. ते ज्यांच्या हाती आहे त्यांच्या नजरेने आपल्याला दाखवत राहते. म्हणून महाविद्यालयात नाटक करणाऱ्या, विशेषतः घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना प्रकाशयोजना शिकवली पाहिजे, आणि ती कशी शिकवावी याचा विचारही आपणच केला पाहिजे.

दिव्याखालचा अंधार

विजेपूर्वी रात्रीचा समारंभ मशाली आणि दिवट्यांच्या उजेडावर चाले. पुढे गॅसबत्ती आली. वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसे कोणत्या वस्तीतून येत हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. घोड्यावरचा नवरदेव उजळून निघे आणि बत्ती वाहणाऱ्याच्या तोंडावर बत्तीच्याच बुडाची सावली पडे. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण सहज वापरतो. पण त्या अंधारात एक माणूस चालत असे, हे म्हण वापरताना आठवत नाही.

ही विभागणी रंगमंचावरही उतरली आहे. तालुक्याच्या गावी एकांकिका स्पर्धा भरते तेव्हा शिडीवर कोण चढतो, वायरी कोण ओढतो, जड दिवे टेम्पोतून कोण उतरवतो, आणि मागे खुर्चीवर बसून 'तो स्पॉट थोडा डावीकडे घे' असे कोण म्हणतो, हे एकदा नीट पाहावे. उजेड वाहण्याचे काम एकाचे आणि उजेड ठरवण्याचे काम दुसऱ्याचे. पहिल्याला मजुरी म्हणतात, दुसऱ्याला कला. श्रम आणि ज्ञान यांची जी फारकत जातिव्यवस्थेने केली, तिचेच हे छोटे रूप होय. प्रकाशयोजनेच्या शिक्षणाचा पहिला हेतू ही फारकत मोडणे हा असला पाहिजे. जो हात दिवा बांधतो, त्याच माणसाच्या डोळ्याने तो कुठे रोखायचा हे ठरवावे.

प्रेक्षक अंधारात का बसतो?

नाटक सुरू होताना प्रेक्षागृहात अंधार होतो, हे आज विद्यार्थ्यांना नाटकाइतकेच जुने वाटते. वस्तुतः ही प्रथा अलीकडची आहे. जर्मनीत बायरॉइथ येथे १८७६ मध्ये वाग्नेरने आपल्या संगीतनाट्यांसाठी प्रेक्षागृह अंधारे केले, हा तिच्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा मानतात. १८८१ मध्ये लंडनचे सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांनी उजळले आणि त्यानंतर प्रकाश हवा तसा कमीजास्त करणे सोपे होत गेले. प्रेक्षक एकेकटा, अंधारात, गप्प बसून समोरची उजळलेली चौकट पाहू लागला.

आपली परंपरा याहून निराळी आहे. सत्यशोधक जलसे आणि त्यांच्या पुढचे आंबेडकरी जलसे कंदील, गॅसबत्ती, मिळेल त्या उजेडात होत. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांनी जलशाचा फड उभा केला. असल्या उजेडाला रंगमंच आणि प्रेक्षक हा भेद कळत नसे. तो जेवढा शाहिरावर पडे तेवढाच पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यावर पडे. शेजारचा माणूस हसतो आहे की डोळे पुसतो आहे हे प्रत्येकाला दिसे. जलसा ही करमणूक होती तशी सभाही होती, आणि सभेत माणसांनी एकमेकांना पाहणे आवश्यक असते. जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्ट याने पुढे असा आग्रह धरला की रंगमंचावर पांढरा लख्ख उजेड असावा आणि दिवेही प्रेक्षकांना उघड दिसावेत, म्हणजे प्रेक्षक भुलणार नाही, विचार करील. युरोपला जे सिद्धान्त म्हणून मांडावे लागले, ते आपल्या जलशात गरजेपोटी आधीच होते.

हे विद्यार्थ्यांना सांगण्याचा उद्देश गौरवगान करणे हा नाही. अंधारे प्रेक्षागृह हा निसर्गनियम नसून एक निवड आहे, एवढे त्यांना कळावे. माणसाचे एकटेपण दाखवायचे असेल तर अंधार उपयोगी पडतो. प्रेक्षकाला साक्षीदार करायचे असेल, त्याच्याकडे बोट दाखवायचे असेल, तर त्याच्यावरही थोडा उजेड सोडता येतो.

चार प्रश्न

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळू. अंबाजोगाईसारख्या गावात सुसज्ज नाट्यगृह हाताशी आल्यावरच शिकवायचे म्हटले तर ते शिकवणे कधी सुरूच होणार नाही. सुदैवाने या विषयाची मुळाक्षरे एका दिव्यावर शिकता येतात. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅक्कँडलेस याने १९३२ मध्ये रंगमंचीय प्रकाशाची एक पद्धत ग्रंथरूपाने मांडली आणि पुढच्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. तिचा गाभा साध्या मराठीत चार प्रश्नांत सांगता येतो : उजेड किती, कुठून, कोणत्या रंगाचा, आणि तो कधी व कसा बदलतो.

'किती' या प्रश्नाला थोडे गणित लागते. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. दिवा दोन मीटरवर असताना चेहऱ्यावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या एक चतुर्थांश चार मीटरवर आणि एक नवमांश सहा मीटरवर पडतो. हे फळ्यावर लिहून कळत नाही. वर्गाची दारे-खिडक्या लावून, एका विद्यार्थ्याला विजेरीपासून पावलापावलाने मागे न्यावे. त्याचा चेहरा किती लवकर हरवतो हे पाहून सगळा वर्ग गप्प होतो.

'कुठून' हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. समोरून आणि सरळ पडलेला उजेड चेहरा सपाट करतो. डोक्यावरून पडला तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात. खालून आला तर माणूस भुतासारखा दिसतो. बाजूने आला तर शरीराला घडण येते. मागून आला तर कडा उजळतात आणि माणूस मागच्या पडद्यापासून सुटा होतो. समोरच्या दोन्ही बाजूंनी, सुमारे ४५ अंशांच्या उंचीवरून सोडलेले दोन दिवे चेहरा वाचता येईल असा दाखवतात. म्हणून तिथून सुरुवात करतात.

परंतु हे सारे पुस्तकातून शिकवण्याआधी मुलांना त्यांच्याच उजेडाची आठवण करून द्यावी. ही मुले उजेडाबाबत अडाणी नाहीत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. केज, धारूर, वडवणीकडची किती तरी मुले आईबापांबरोबर फडात वाढलेली असतात. कोपीत चुलीचा उजेड खालून येतो, हलतो, आणि भाकरी थापणाऱ्या आईचा हनुवटीकडचा भाग तांबूस दिसतो हे त्यांनी पाहिलेले असते. रात्री गाडी भरताना ट्रॅक्टरच्या दिव्यांचा उजेड जमिनीला समांतर येतो. मोळी डोक्यावर घेतलेल्या माणसाची सावली फडभर लांब होते आणि त्याचा चेहरा मात्र क्षणभरच उजेडातून जातो. पत्र्याच्या घरात एकच दार असते आणि दिवसाचा सगळा उजेड त्या दारातून, एकाच बाजूने येतो. ऊसतोडीवरचे नाटक करताना वरून पिवळाधमक उजेड ओतणाऱ्या प्रकाशयोजनाकाराला या गोष्टी माहीत नसतात. आपल्या मुलांना त्या माहीत असतात. त्या ज्ञान म्हणून मोजल्या जातात हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून पहिला गृहपाठ असा द्यावा : आठ दिवस आपल्या घरात, वस्तीत, बसस्थानकावर उजेड कुठून येतो आणि कुणाच्या तोंडावर पडतो, ते वहीत लिहून आणा.

सावळा चेहरा आणि निळा झेंडा

तंत्र तटस्थ नसते याचा सर्वांत मोठा पुरावा माणसाची कातडी आहे. पाश्चात्त्य देशांत रंगीत फोटो छापताना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीची जी नमुनापत्रे दीर्घकाळ वापरली जात, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर लागले असे समजत. काळ्या माणसांचे चेहरे त्यात बुजून जात. दोष कातडीचा नव्हता, मापाचा होता.

आपल्या रंगमंचावर हेच माप निराळ्या रीतीने चालते. सावळ्या मुलीला भूमिका दिली की आधी तिच्या तोंडावर गोऱ्या रंगाचा थर चढवतात आणि 'लाइटमध्ये दिसत नाही' असे कारण सांगतात. वस्तुस्थिती अशी की गडद कातडी उजेड कमी परत पाठवते, म्हणून तिला उजेड अधिक लागतो आणि विचाराने दिलेला लागतो. तिच्यामागे काळा पडदा असेल तर मागून किंवा बाजूने एक दिवा द्यावा, म्हणजे तिची आकृती पडद्यात मिसळणार नाही. गडद कातडीवर चकाकी फार सुंदर उठते. बाजूच्या उजेडात गालाचे हाड, कपाळ, मनगट यांवर जी रेषा येते ती गोऱ्या कातडीवर तितकी येत नाही. फिकट उबदार छटा मानवतात. हिरवट आणि पोलादी निळ्या छटांत चेहरा राखेसारखा होतो. आणि एक नियम वर्गात पक्का करून घ्यावा : समूहाच्या दृश्यात उजेडाचे माप सर्वांत सावळ्या चेहऱ्यावरून ठरवायचे. तो नीट वाचता आला की मग बाकीच्यांचे पाहायचे. एखादा गोरा चेहरा फार चमकत असेल तर त्याच्यावरचा दिवा कमी करावा, नाहीतर त्याला दोन पावले सरकवावे.

रंगाच्या बाबतीत दुसरे उदाहरण आपल्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. वस्तूला रंग असतो असे आपण म्हणतो, पण तिच्यावर पडलेल्या उजेडात तो रंग असावा लागतो. गडद अंबर जिलेटिनमधून येणाऱ्या उजेडात निळा भाग फारच थोडा उरतो. त्या उजेडात निळा झेंडा आणला की तो मळकट काळा दिसतो. मोर्चाचे दृश्य संध्याकाळचे म्हणून सगळे दिवे अंबर ठेवावेत आणि ज्या झेंड्यासाठी दृश्य उभे केले तोच विझून जावा, असे सहज घडू शकते. उलट, आता सर्वत्र आलेल्या एलईडी दिव्यांचा नुसता निळा रंग सोडला तर झेंडा पेटल्यासारखा उठतो, पण तो धरणाऱ्यांचे चेहरे मढ्यासारखे होतात. उपाय सोपा आहे : चेहऱ्यांवर फिकट उबदार उजेड समोरून, आणि झेंड्याच्या उंचीवर बाजूने वेगळा पांढरा किंवा फिकट निळा दिवा. पण हा उपाय सुचण्यासाठी झेंडा आणि माणूस हे दोन्ही दिसले पाहिजेत असे वाटणारा माणूस दिव्यामागे असावा लागतो.

एक खोली, तीन पिढ्या

प्रकाशयोजना म्हणजे संहितेचे वाचन होय, हे समजावण्यासाठी दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे १९८० च्या दशकातले नाटक फार उपयोगी पडते. बाबासाहेबांच्या काळात घडलेला वृद्ध काका, प्राध्यापक सतीश आणि संतप्त तरुण अर्जुन अशा आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या त्यात समोरासमोर येतात. घटना मुख्यतः एका घरात घडतात. वर्गाला विचारावे : या खोलीतला उजेड कुणाचा? प्राध्यापकाचे घर आहे म्हणून सतीशची खुर्ची मध्यभागी आणि तीच सर्वांत उजळ, असे एक उत्तर येते. दाराकडून बाहेरचा उजेड येतो आणि अर्जुन दाराशी उभा राहतो, म्हणून बाहेरचे वास्तव त्याच्याबरोबर आत येते, असे दुसरे उत्तर येते. काका जिथे बसतो तिथला उजेड कमी असावा, पण तो कोणत्याही दृश्यात पूर्ण विझू नये, असे कोणी म्हणते. यातले एकच उत्तर बरोबर नाही. परंतु प्रत्येक उत्तर देताना विद्यार्थ्याला नाटक वाचावे लागते, पात्राची बाजू समजून घ्यावी लागते आणि आपण कुठे उभे आहोत हेही तपासावे लागते.

इथेच आपल्या नाटकांतल्या काही सवयींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. विद्रोहाचा क्षण आला की सगळा रंगमंच लाल. बाबासाहेबांचा उल्लेख आला की निळा झोत. बुद्धाचे नाव आले की मागे पिवळे वलय. शोषण म्हणजे अंधार आणि मुक्ती म्हणजे उजेड. ही चिन्हे पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा त्यांत ताकद होती; आता ती न पाहताच समजतात, आणि जे न पाहता समजते ते पाहण्याची गरज उरत नाही. शिवाय आपल्यावरचे अनेक अत्याचार भर दुपारी, चावडीसमोर, लख्ख उन्हात झाले आहेत. उन्हाला लपवण्यासारखे काही वाटले नाही, हीच त्यातली भीषणता आहे. असा प्रसंग अंधारात आणि लाल उजेडात दाखवला की तो गुपचूप घडला असा अर्थ होतो. तो पांढऱ्या, सपाट, सावली नसलेल्या उजेडात दाखवून पाहावा.

साधने, धोका आणि नाव

साधने नाहीत ही अडचण खरी आहे, पण ती अंतिम नाही. बंगालमधले थोर प्रकाशयोजनाकार तापस सेन (१९२४–२००६) यांनी उत्पल दत्त यांच्या 'अंगार' या १९५९ च्या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरून मजूर बुडतात हे दृश्य प्रकाशाने उभे केले आणि ते भारतीय रंगभूमीच्या स्मरणात राहिले. बुडणारे मजूर प्रेक्षकांना दिसले पाहिजेत, हा निश्चय त्या दृश्यात आधी होता. त्यासाठीची युक्ती नंतर आली. पत्र्याचा रिकामा डबा, मंडपवाल्याकडचा हॅलोजन, जिलेटिनचे चार कागद आणि एक विजेरी एवढ्यावर वर्षभराचा अभ्यासक्रम चालवता येतो.

मात्र एका बाबतीत काटकसर करू नये. वीज क्षमा करीत नाही. १००० वॅटचा एक जुना पार दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेतो. १५ अँपिअरच्या एका जोडणीवर असे तीन दिवे, म्हणजे १३ अँपिअर, ही मर्यादा समजावी. चौथा लावला तर वायर तापते. अर्थिंग पाहिल्याशिवाय पत्र्याच्या डब्याला हात लावू नये. उघडे जोड, ओले हात, अनवाणी पाय आणि कोणी न धरलेली शिडी यांना वर्गात बंदी असावी. 'आपल्या पोरांना सवय असते' असे म्हणून ज्यांना निष्काळजीपणे शिडीवर चढवले जाते ती पोरे कोणाची असतात हे आपल्याला ठाऊक आहे. स्वतःच्या जिवाची किंमत मोजायला शिकणे हाही या शिक्षणाचा भाग आहे.

शेवटचा मुद्दा नावाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात रुस्तुम अचलखांब यांच्यासारख्या, तमाशा आतून जाणणाऱ्या कलावंताने अध्यापन केले. लोककला हा अभ्यासाचा विषय आहे आणि ती जगलेला माणूस तिचा अध्यापक होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. प्रकाशाच्या बाबतीत ते काम अजून पुढे न्यायचे आहे. नाटकाच्या पत्रिकेत 'प्रकाश साहाय्य' म्हणून शेवटच्या ओळीत चार मुलांची आडनावे नसलेली नावे येतात, आणि 'प्रकाशयोजना' म्हणून वेगळे नाव ठळक येते. ही ओळ बदलली पाहिजे. ज्याने योजना केली त्याचे पूर्ण नाव योजनाकार म्हणून छापले जावे. नाटक करणाऱ्या प्रत्येक गटाने दरवर्षी निदान दोन विद्यार्थी या कामासाठी तयार करावेत आणि त्यांतली एक मुलगी असावी. मुलींना शिडी आणि वीज यांपासून दूर ठेवणारी माया आणि आपल्याला ज्ञानापासून दूर ठेवणारी व्यवस्था यांत फारसे अंतर नाही.

नाटक लिहिणारे हात आपल्यात पुष्कळ झाले. नट झाले, शाहीर झाले. आता दिवा कुठे रोखायचा हे ठरवणारे डोळेही आपल्यातून यायला हवेत. त्यासाठी पुढच्या सत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्ग आहे, विद्यार्थी आहेत, एक विजेरी कुठेही मिळते. खिडक्या लावाव्यात आणि वर्गातला सर्वांत सावळा चेहरा नीट दिसेपर्यंत काम थांबवू नये.